हाड मोडण्यापूर्वी

पावसाळ्याच्या दिवसांत शेवाळलेल्या मोरीत पाय घसरून घरातील वृद्ध आई पडते. तिला उठता येत नाही. एक पाय आखूड आणि बाहेरच्या अंगाला वळलेला दिसतो. घरची माणसे तिला उचलून खाटेवर निजवतात, तेल चोळतात, कुणी शेजारच्या गावच्या हाडवैद्याला बोलावून आणतो. आठवडे जातात. पाठीला व्रण पडतात, छातीत कफ साचतो, आणि एके दिवशी सारे संपते. भेटीला येणारी मंडळी म्हणतात, "वय झालं होतं, पडण्याचं निमित्त झालं." या उद्गारात नकळत एक वैद्यकीय सत्य सांगितले जाते. पडणे हे खरोखरच निमित्त असते. मूळ कारण त्याआधी वीस-तीस वर्षांपासून हाडांत घर करून बसलेले असते, आणि त्या साऱ्या काळात त्याच्याकडे कुणाचे लक्ष गेलेले नसते.

या कारणाला वैद्यकशास्त्रात ऑस्टिओपोरोसिस असे म्हणतात. मराठीत त्यासाठी अस्थिसुषिरता हा शब्द योजला जातो. रोजच्या बोलण्यात हाडांचा ठिसूळपणा म्हटले तरी पुरेसे आहे. सुषिर म्हणजे पोकळ, छिद्रयुक्त. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्ट्रासबुर्ग येथील लोब्स्टाइन या विकृतिशास्त्रज्ञाने मृत व्यक्तींची हाडे तपासताना काहींच्या हाडांत मोठी छिद्रे पाहिली आणि हे नाव दिले. तथापि पुढील शंभर वर्षे हा वार्धक्याचा स्वाभाविक परिणाम मानला गेला. १९४१ मध्ये बोस्टन येथील डॉ. फुलर ऑलब्राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपले रुग्ण बारकाईने पाहिले, तेव्हा पाठीचे मणके खचलेल्यांपैकी बहुतेक रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रिया होत्या असे त्यांना आढळले. वय नव्हे, तर अंडाशयातून पाझरणाऱ्या इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा अभाव हे त्यातील मोठे कारण होय, हा विचार तेव्हापासून रुजला.

हाडांची कणगी

हाड म्हणजे दगडासारखा जड पदार्थ, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात हाड ही जिवंत वस्तू आहे. कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे तंतू हा तिचा सांगाडा, आणि कॅल्शियम व फॉस्फरस यांचे क्षार हा त्यावरील गिलावा. शरीरातील ९९ टक्के कॅल्शियम हाडांत व दातांत असते. प्रौढ माणसाच्या अंगी ते सुमारे एक किलो भरते. या इमारतीची डागडुजी अखंड चालू असते. एका प्रकारच्या पेशी जुने हाड कुरतडतात, दुसऱ्या प्रकारच्या पेशी तेथे नवे हाड रचतात. प्रौढपणी दर वर्षी सुमारे दहा टक्के हाड अशा रीतीने नवे होते. लहानपणी रचना अधिक आणि मोडणी कमी. तिशीच्या सुमारास हाडांचा साठा पूर्णत्वास जातो. पुढे काही वर्षे जमाखर्च समान राहतो, आणि मग खर्चाची बाजू हळूहळू जड होऊ लागते.

शेतकऱ्याला हे समजावून सांगण्यास कणगीचे उदाहरण पुरेसे आहे. सुगीत कणगी जितकी भरली असेल तितके पुढचे दिवस निभावतात. हाडांची सुगी म्हणजे जन्मापासून तिशीपर्यंतचा काळ, आणि त्यातही वयात येतानाची चार-पाच वर्षे सर्वांत महत्त्वाची. त्या वर्षांत मुलीच्या ताटात काय पडले, ती धावली-खेळली की घरात बसली, तिचे लग्न कोणत्या वयात झाले आणि पहिले बाळंतपण केव्हा आले, यावर तिची साठाव्या वर्षीची हाडे बऱ्याच अंशी अवलंबून असतात. म्हणून या विषयाचे पहिले श्रोते वृद्ध नव्हेत, तर शाळेचे शिक्षक होत.

रजोनिवृत्तीनंतर मात्र स्त्रीच्या कणगीला खालून भोक पडते. कुरतडणाऱ्या पेशींना आवर घालणारे इस्ट्रोजेन ओसरते, आणि पुढील पाच ते सात वर्षांत हाडांच्या घनतेचा वीस टक्क्यांपर्यंत भाग जाऊ शकतो. भारतीय स्त्रीची रजोनिवृत्ती सरासरी ४६-४७ व्या वर्षी येते, म्हणजे पाश्चात्त्य देशांतील स्त्रीच्या चार-पाच वर्षे आधी. गळतीही तितकी आधी सुरू होते.

पस्तिशीत आलेले म्हातारपण

महाराष्ट्राच्या संदर्भात या प्रश्नाला एक वेगळे व गंभीर परिमाण आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर होत असल्याच्या तक्रारी आल्यावर २०१९ मध्ये राज्य शासनाने समिती नेमली. सर्वेक्षणात ८२,३०९ स्त्रियांची माहिती घेतली गेली. त्यांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे दर सहा स्त्रियांमागे एक. त्यांतील कित्येकींचे वय चाळिशीच्या आत होते.

यामागची कारणे केवळ वैद्यकीय नव्हती. ऊसतोडीत नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता मानला जातो, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडावयाची असते, आणि कामाचा एक दिवस बुडाला तर खाड्याचे पैसे कापले जातात. फडावर ना आडोसा, ना स्वच्छतागृह, ना पुरेसे पाणी. पाळीच्या दिवसांत काम थांबवणे परवडत नाही. अंगावरून पांढरे जाते किंवा ओटीपोट दुखते म्हणून डॉक्टरकडे जावे, तर पुढे कर्करोग होईल ही भीती घातली जाते, आणि "एकदाची पिशवी काढून टाकली की कटकट गेली" असा सल्ला मिळतो. तो पटतोही, कारण मुले झालेली असतात.

येथे एक भेद स्पष्ट समजून घेणे अगत्याचे आहे. गर्भाशय हे संप्रेरक निर्माण करणारे इंद्रिय नव्हे. ते काम अंडाशयांचे आहे. शस्त्रक्रियेत गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशयेही काढली गेली, तर त्या स्त्रीला त्याच दिवशी रजोनिवृत्ती येते. जी गळती सत्तेचाळिसाव्या वर्षी सुरू व्हावयाची, ती तिसाव्या-पस्तिसाव्या वर्षी सुरू होते. अंडाशये शाबूत ठेवली तरीही ती काही वर्षे लवकर थकतात, असे अनुभवास आले आहे. पंचेचाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकची फळी चढणाऱ्या स्त्रीची हाडे अशी अकाली पोकळ होऊ लागली, तर तिच्या पन्नाशीचे चित्र काय असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. शस्त्रक्रियेनंतर कंबर व पाठ दुखते असे या स्त्रिया सांगतात, तेव्हा त्या तक्रारीला कामचुकारपणा समजण्यात येऊ नये.

बीड जिल्ह्यात खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची अनुमती घेणे २०१९ मध्ये बंधनकारक करण्यात आले. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया टाळण्यासाठी मार्गदर्शक सूचना प्रसृत केल्या, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तीन महिन्यांत अंगीकारण्याचे आदेश राज्यांना दिले. हे झाले पुढच्यांसाठी. ज्यांच्या शस्त्रक्रिया होऊन गेल्या आहेत त्यांचे काय, हा प्रश्न शिल्लक राहतो आणि तो गावपातळीवरचाच आहे. रुग्णालयातून मिळालेला कागद जपून ठेवणे आणि अंडाशये काढली आहेत किंवा नाहीत हे त्यावर लिहून घेणे, इतकी साधी गोष्टही बहुतेक ठिकाणी होत नाही. आशा कार्यकर्तीने आपल्या वहीत ही एक नोंद केली, तर पन्नाशीच्या आत हाडांची तपासणी कोणाची करावयाची हे ठरवता येईल. पंचेचाळिशीच्या आत अंडाशये गेलेल्या स्त्रीला, स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या यांसारखी अडचण नसल्यास, नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरकाचे उपचार देता येतात. त्यासाठी तिने स्त्रीरोगतज्ज्ञास विचारले पाहिजे. आणि विचारता येते हे तिला कुणीतरी आधी सांगितले पाहिजे.

इतर कारणे

पुरुष या रोगापासून मुक्त आहेत असे समजणे चूक ठरेल. जगभरच्या अनुभवानुसार पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत तिघींपैकी एकीचे, आणि पुरुषांत पाचांपैकी एकाचे हाड ठिसूळपणामुळे मोडते. दारू आणि धूम्रपान ही पुरुषांमधील नेहमीची कारणे. थायरॉइडचा अतिरेक, आतड्यांचे व मूत्रपिंडांचे जुने विकार, आमवात यांमुळेही हाडे क्षीण होतात. औषधांत सर्वांत मोठा अपराधी म्हणजे स्टेरॉइड. दमा किंवा आमवात यांसाठी ते तीन महिन्यांहून अधिक काळ पोटात घ्यावे लागले, तर हाडांची काळजी त्याच वेळी घ्यावयास हवी. डॉक्टरांनी दिलेले स्टेरॉइड मनाने एकाएकी बंद करणे मात्र जिवावर बेतू शकते. बाजारात सांधेदुखीवर रामबाण म्हणून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइडची भेसळ सापडल्याची उदाहरणे आहेत. दोन दिवसांत गुडघे मोकळे करणाऱ्या पुडीबद्दल संशय बाळगणे शहाणपणाचे.

आणखी एक सूचना यवतमाळ, चंद्रपूर यांसारख्या जिल्ह्यांतील काही गावांसाठी. तेथील कूपनलिकांच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आहे. फ्लोराइडने हाड क्ष-किरण चित्रात दाट दिसते, पण ते कणखर नसते. अशा ठिकाणी कॅल्शियमच्या गोळ्यांआधी पाण्याचा उद्भव बदलावा लागतो.

ओळखावे कसे

हा रोग दुखत नाही. सांधे दुखतात ते बहुधा सांध्यांच्या झिजेने; त्याचा आणि हाडांच्या विरळतेचा संबंध लावून लोक गोंधळतात. ठिसूळपणा प्रथम कळतो तो हाड मोडल्यावरच. उभ्या उंचीवरून, म्हणजे चालता चालता पडून, हाड मोडले तर ते साधे मोडणे नव्हे. पन्नास-पंचावन्न वर्षांच्या स्त्रीने पडताना हात टेकला आणि मनगट मोडले, तर तिला प्लास्टर घालून घरी पाठवले जाते. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघते, प्रकरण मिटते. वास्तविक ती धोक्याची पहिली घंटा असते. पुढे दहा-पंधरा वर्षांनी खुबा मोडतो तेव्हा त्या मनगटाची कुणाला आठवणही नसते.

दुसरी घंटा तर ऐकूही येत नाही. पाठीचा मणका खचतो तो कधी पाण्याची घागर उचलताना, कधी नुसते खोकताना. असे खचलेले मणके सुमारे दोन-तृतीयांश वेळा ओळखलेच जात नाहीत. पाठीत चमक भरली असे म्हणून लेप लावला जातो. मणके एकामागून एक खचत गेले की उंची घटते आणि पाठीला पोक येते. वृद्धेची वाकलेली पाठ आपल्याकडे वयाची खूण म्हणून इतकी अंगवळणी पडली आहे, की ते मोडलेल्या हाडांचे दृश्य आहे हे ध्यानातच येत नाही. यावर एक बिनखर्ची उपाय आहे. शाळेत मुलांची उंची मोजण्याची पट्टी भिंतीवर असते. गावातील साठीपुढील स्त्री-पुरुषांची उंची वर्षातून एकदा तिच्यापुढे मोजून लिहून ठेवावी. तारुण्यातील उंचीपेक्षा चार सेंटिमीटरहून अधिक घट दिसली, किंवा टाचा व पाठ भिंतीला लावून उभे राहिल्यावर डोके भिंतीला टेकत नसेल, तर त्या व्यक्तीस तपासणीसाठी पाठवावे.

साध्या क्ष-किरण चित्रात विरळता दिसू लागते ती सुमारे तीस टक्के हाड गेल्यावर. नेमके माप डेक्सा या यंत्राने घेतात. ही तपासणी दहा-पंधरा मिनिटांची, वेदनारहित, आणि तिचे किरण अत्यल्प असतात. तरुण निरोगी व्यक्तीच्या घनतेशी तुलना करून टी-अंक काढला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठरविल्याप्रमाणे उणे २.५ किंवा त्याखालील अंक म्हणजे अस्थिसुषिरता. उणे १ ते उणे २.५ ही तिची पूर्वावस्था. जत्रांत आणि शिबिरांत टाचेवर लहानसे यंत्र लावून फुकट तपासणी केली जाते, तिचा आकडा प्राथमिक अंदाजापुरताच घ्यावा; त्यावरून वर्षभराची औषधे घेऊन घरी जाऊ नये. डेक्साची सोय मोठ्या शहरांपुरती असल्याने वय, वजन, पूर्वीचे मोडलेले हाड, आईवडिलांचा खुबा, धूम्रपान, स्टेरॉइड यांवरून पुढील दहा वर्षांचा धोका काढण्याची फ्रॅक्स नावाची पद्धती शेफील्ड विद्यापीठाने २००८ मध्ये तयार केली. भारतीयांसाठी तिचे स्वतंत्र कोष्टक आहे, आणि घनतेच्या आकड्याशिवायही ती वापरता येते.

ताट आणि ऊन

भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये प्रौढांसाठी रोजच्या कॅल्शियमचे प्रमाण १,००० मिलिग्रॅम ठरविले. अंगावर पाजणाऱ्या व रजोनिवृत्त स्त्रियांसाठी ते १,२०० आहे. पूर्वी प्रौढांचे प्रमाण ६०० होते. हा आकडा ऐकून गरीब घरात दुधाच्या हिशेबाने धडकी भरते. परंतु महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरात याचे उत्तर पूर्वापार आहे. शंभर ग्रॅम तांदळात कॅल्शियम दहा मिलिग्रॅमच्या आसपास, ज्वारीत पंचवीस-तीस, आणि नाचणीत मात्र साडेतीनशे. कुळथात अडीचशेहून अधिक, शेवग्याच्या पाल्यात तीनशेहून अधिक. तिळात तेराशे ते चौदाशे, जरी सालीसकट तिळातील सगळेच शरीराला लागत नाही. नाचणीच्या दोन भाकरी, दोन पेले दूध किंवा तितकेच दही-ताक, चमचाभर तीळ वा तिळाची चटणी, आणि एक वेळ शेवगा-राजगिऱ्याची भाजी, एवढ्यात हजाराचा पल्ला गाठता येतो. नाचणी मोड आणून किंवा आंबवून, म्हणजे आंबील करून घेतली, तर तिच्यातील कॅल्शियम अधिक लागू पडते. कोकणात मांदेलीसारखी लहान मासळी काट्यांसकट खाल्ली जाते, तीही उपयोगाची. पालकाबद्दल मात्र गैरसमज नको. त्यात कॅल्शियम असूनही ऑक्झॅलेटमुळे ते अंगी फार थोडे लागते. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरड धान्य वर्ष म्हणून साजरे झाले आणि नाचणीची बिस्किटे शहरात विकली गेली. ज्या घरांतून नाचणी हद्दपार झाली, त्या घरांत ती परतली किंवा नाही हे पाहणे अधिक महत्त्वाचे.

पानाला लावायचा चुना रोज गव्हाएवढा खावा म्हणजे हाडे लोखंडाची होतात, असा सल्ला अलीकडे फार पसरला आहे. चुना दाहक आहे. तो तोंडाचे व अन्ननलिकेचे अस्तर जाळतो. ताटातील तीळ-नाचणी सोडून त्याच्या नादी लागण्याचे काही कारण नाही.

कॅल्शियम आतड्यातून रक्तात जाण्यास ड जीवनसत्त्व लागते, आणि ते अन्नात फार थोडे असते. त्वचेवर ऊन पडले म्हणजे ते शरीरात तयार होते. इतके ऊन असलेल्या या देशात त्याची कमतरता सर्रास आढळते, हे आश्चर्य आहे खरे. कारणे सरळ आहेत. सावळ्या त्वचेला अधिक वेळ लागतो, अंग झाकलेले असते, शहरात घर आणि कचेरी यांमध्ये ऊन लागतच नाही, खिडकीच्या काचेतून आवश्यक ते किरण आत येत नाहीत. कोवळ्या उन्हात बसण्याचा प्रघात सुखद असला तरी ते किरण पहाटेच्या उन्हात जवळजवळ नसतात. साधारण दहा-अकरा ते दोन-तीन या वेळात असतात. हात, पाय व चेहरा वीस-तीस मिनिटे उघडे ठेवावेत. वैशाखात विदर्भातील वृद्धाला भर दुपारी अंगणात बसवण्याचा मात्र हा सल्ला नव्हे. तेथे हिवाळ्यातील महिने व सकाळी दहाची वेळ धरावी. कमतरता ठरल्यास डॉक्टर ठरावीक आठवडे साठ हजार एककांची पुडी देतात. ती चांगली वाटते म्हणून महिनोन्महिने चालू ठेवल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडास इजा होते. ऑस्ट्रेलियात वृद्ध स्त्रियांना वर्षातून एकदाच पाच लाख एकके देऊन पाहिली गेली, तेव्हा २०१० मध्ये जाहीर झालेला निष्कर्ष असा, की औषध घेतलेल्या स्त्रिया न घेतलेल्यांपेक्षा अधिक वेळा पडल्या आणि त्यांची हाडेही अधिक मोडली.

गरोदरपणी चौथ्या महिन्यापासून आणि बाळंतपणानंतर सहा महिने सरकारी दवाखान्यातून कॅल्शियमच्या दोन गोळ्या रोज मिळतात. त्या जेवणानंतर घ्याव्यात आणि लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नयेत, कारण एकमेकींना अडवतात. फडताळात पडून राहिलेल्या या गोळ्यांच्या पट्ट्या ही आरोग्य सेविकांच्या परिचयाची बाब आहे.

अन्नाइतकेच महत्त्व भाराला आहे. अंतराळवीरांचे वजन नाहीसे होते तेव्हा त्यांच्या खुब्याचे हाड महिन्याला एक ते दीड टक्का घटते. खाटेवर पडून राहिलेल्या रुग्णाची गत याच जातीची. हाडाला धक्का व ताण मिळाला की ते दाट होते. मुलींच्या दृष्टीने लंगडी, खो-खो, दोरीच्या उड्या, आणि मंगळागौरीच्या झिम्मा-फुगड्या यांत हे सारे आहे. वयात आल्यावर मुलीला मैदानावरून घरी बोलावले जाते ती वेळ नेमकी कणगी भरण्याची असते. प्रौढांनी भरभर चालावे, जिने चढावेत, थोडे वजन उचलावे. पाठीचे मणके आधीच खचलेल्यांनी मात्र कंबरेतून पुढे वाकण्याचे व्यायाम, म्हणून सूर्यनमस्कारही, टाळावेत.

उपचार

हाड मोडलेल्या किंवा टी-अंक फार खाली गेलेल्या व्यक्तीस केवळ कॅल्शियम पुरत नाही. कॅल्शियम हा पाया, औषध वेगळे. आलेन्ड्रोनेट ही गोळी १९९५ पासून वापरात आहे, सामान्य नावाने स्वस्त मिळते, आणि आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. ती सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि पुढे अर्धा तास आडवे होऊ नये, चहाही घेऊ नये. नाहीतर अन्ननलिकेला जखम होते किंवा औषध वाया जाते. हे न सांगता दिलेली गोळी न दिल्यासारखीच. ज्यांना ती सोसत नाही त्यांना झोलेड्रोनिक आम्लाचे शिरेतून दिले जाणारे औषध वर्षातून एकदा देतात. खुब्याचे हाड मोडलेल्यांवर २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत या औषधाने पुन्हा हाड मोडण्याचे प्रमाण ३५ टक्क्यांनी आणि मृत्यूचे २८ टक्क्यांनी घटले. डेनोसुमॅब सहा महिन्यांनी टोचतात. ते मध्येच सोडले तर मणके एकापाठोपाठ खचण्याचा धोका असतो, म्हणून पुढची सुई चुकवता कामा नये. टेरिपॅराटाइड हे रोज टोचावयाचे, नवे हाड घडवणारे औषध आहे, महाग आहे, आणि साधारणतः दोन वर्षांपर्यंतच देतात.

औषध सुरू करण्यापूर्वी मूत्रपिंडाची तपासणी करावी, दात काढावयाचे असल्यास ते काम आधी उरकावे. जबड्याचे हाड कुजणे, मांडीचे हाड वेगळ्याच ठिकाणी तडकणे हे दुष्परिणाम घडतात, पण अगदी विरळा. गोळी पाच वर्षे झाल्यावर ती थांबवावी की कसे याचा डॉक्टर फेरविचार करतात तो यासाठीच. वर्तमानपत्रातील एखाद्या बातमीने घाबरून पहिल्या वर्षीच औषध टाकणाऱ्यांचे नुकसान त्याहून कितीतरी मोठे असते.

पडणे आणि पडल्यानंतर

वृद्ध माणूस बहुधा घरातच पडतो. मोरीतील शेवाळ, उंच उंबरठा, रात्रीचा अंधार, झिजलेली चप्पल, डोळ्यांतील मोतीबिंदू, झोपेची गोळी, रक्तदाबाच्या औषधाने उठताच येणारी भोवळ, ही त्याची कारणे. मोरीत खरबरीत फरशी, शौचकूपाजवळ भिंतीला पक्का बसवलेला लोखंडी गज, खाटेपासून मोरीपर्यंत रात्रभर जळणारा लहानसा दिवा, यांना खर्च फारसा नाही. सार्वजनिक शौचालये, ग्रामपंचायतीची कचेरी आणि प्राथमिक आरोग्य केंद्र यांच्या पायऱ्यांना कठडे आहेत काय, हे मात्र पंचायत सदस्यांनी स्वतः चढून पाहावे. निवृत्तिवेतनाचा दाखला देण्यासाठी वृद्धाला कठड्याविना पाच पायऱ्या चढाव्या लागणे, हे विपरीत आहे.

पडल्यावर पाय आखूड व वळलेला दिसला, उभे राहवत नसेल, तर ते खुब्याचे हाड आहे असे धरून चालावे. पाय ओढू नये, चोळू नये. दोन्ही पाय एकत्र बांधून, फळीवर निजवून रुग्णालयात न्यावे. हाडवैद्याची पट्टी मनगटावर कदाचित चालून जाईल. खुब्यावर ती कुचकामी आहे. शस्त्रक्रिया शक्यतो अठ्ठेचाळीस तासांच्या आत व्हावी आणि दुसऱ्या दिवशी रुग्णाला आधाराने उभे करावे, हा आज सर्वमान्य नियम आहे. "या वयात भूल सोसेल काय?" असे कुटुंबीय विचारतात. भुलेपेक्षा खाट अधिक जीव घेते. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी सुमारे पाचवा हिस्सा वर्षभरात दगावतो, आणि शस्त्रक्रियेविना राहिलेल्यांत हे प्रमाण पुष्कळच वाढते. खर्चाच्या विवंचनेत पहिले चार दिवस जातात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अस्थिरोगाच्या शस्त्रक्रिया समाविष्ट आहेत, तेव्हा कोणती शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात मिळेल हे तेथील आरोग्यमित्राकडून पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे.

ग्लासगो शहरातील रुग्णालयांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस एक साधी व्यवस्था सुरू केली. पन्नाशीपुढील ज्या रुग्णाचे हाड मोडले, त्याचे नाव एक परिचारिका वहीत लिहून घेई, प्लास्टर निघाल्यावर त्याला हाडांच्या तपासणीसाठी बोलावी, आणि औषध सुरू झाले किंवा नाही याचा पाठपुरावा करी. पुढे अनेक देशांनी ती उचलली. आपल्याकडील ग्रामीण रुग्णालयात प्लास्टर घालण्याची खोली आहे, वही आहे, आणि ती खोली रोज कुणाचे तरी मनगट पाहते. त्या वहीत वयाचा एक रकाना आणि "तपासणीस पाठविले" असा एक रकाना आखून घेणे, हे काम वैद्यकीय अधीक्षकांना याच आठवड्यात करता येण्यासारखे आहे.